डबा फोडण्याआधी ताट मोजा

ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला जाताना पूर्वी हातात शहाळं, मोसंबी, फार तर बिस्किटांचा पुडा असायचा. आता त्या जागी प्रोटीन पावडरचा डबा आला आहे. औषधांच्या दुकानात तो डोळ्यांसमोरच्या फळीवर असतो, जिममध्ये असतो, मोबाइलवरून मागवला तर घरपोच येतो. आणि तो घरात आला की दोन तट पडतात. एकाला वाटतं, याच्याशिवाय जखम भरायची नाही. दुसऱ्याला वाटतं, हा सगळा धंदा आहे, आपलं वरण-भात-दूध पुरेसं आहे. दोन्हीकडे बोलते ती घरच्या माणसाची काळजीच. म्हणूनच हा वाद अर्धवट सोडून चालत नाही.

खालच्या संवादातल्या दोघी प्रातिनिधिक आहेत. आत्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका, राहायला पुण्यात येरवड्याला, गुंजन चौकाच्या आतल्या बाजूला. भाची आहारतज्ज्ञ. आत्याचे यजमान सत्तरीचे. न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठवड्यापूर्वी घरी आले. वजन 60 किलो. मुलाने येताना व्हे प्रोटीनचा डबा आणून ठेवला आहे.

आत्या : तो डबा जाताना तू घेऊन जा. मी काही तो फोडणार नाही. वॉर्डात हयात गेली माझी. नातेवाईक उसनेपासने करून डबे आणायचे, पेशंट दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा आणि डबा लॉकरवर तसाच राहायचा. त्या पैशात घरच्यांना महिनाभर अंडी आणता आली असती.

भाची : नको फोडूस. आधी मला एवढंच सांग, काल काकांनी दिवसभरात काय काय खाल्लं?

आत्या : सकाळी चहा आणि दोन टोस्ट. अकराला शहाळं. दुपारी एक पोळी, वाटीभर भात, वरण, दुधीची भाजी. चारला साबुदाण्याची पेज, तेवढी मात्र आवडीने घेतात. मग परत चहा, दोन बिस्किटं. रात्री मऊ भात आणि ताक. झोपताना हळदीचं दूध. थोडं-थोडं का होईना, दिवसभर पोटात जातंय.

भाची : आता यातलं प्रथिन मोजू. चहा-टोस्टचे 4 ग्रॅम धर. शहाळ्यात नावालाच. दुपारचं जेवण 10, कारण वरण पातळ होतं आणि पोळी एकच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तिथे शून्य. संध्याकाळचा चहा-बिस्किटं 3, रात्रीचा भात-ताक 5, दूध 7. बेरीज 29. आता त्यांना किती हवं ते बघ. धडधाकट माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं, असं आपल्याकडची शिफारस सांगते. काकांसाठी ते झालं 50 ग्रॅम. पण ऑपरेशननंतर, त्यातही वय झालेल्या माणसाला, किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतं. म्हणजे 72 ते 90. काका त्याच्या निम्म्यावरही नाहीत.

आत्या : अगं, पण अंथरुणावर पडलेल्या माणसाला जास्त कशाला लागेल? ना चालणं, ना काम.

भाची : बाहेरून काम दिसत नाही, आत मात्र रात्रंदिवस चालू असतं. 1930च्या दशकात ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन नावाच्या डॉक्टरने पायाचं हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. नायट्रोजन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर पडत होता. नुसतं हाड मोडलं म्हणून एवढा जाईना. तो साऱ्या अंगातल्या स्नायूंमधून येत होता. शरीराला जखम झाली की ते स्वतःचे स्नायू मोडतं आणि त्यातून जखम भरायला, रोगप्रतिकाराच्या पेशी घडवायला सामान पुरवतं. खाण्यातून सामान आलं नाही तर मोडणं चालूच राहतं. पडून राहिल्याने त्यात आणखी भर पडते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस बिछान्यातच ठेवलं होतं. रोजच्या शिफारशीइतकं प्रथिन मिळत असूनही त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास 1 किलोने घटले. काकांना तर आधीच मार बसलेला आहे.

आत्या : हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑपरेशन उत्तम झालेलं असायचं, टाके कोरडे, आणि तरी माणूस वॉकर धरून उभा राहताना लटपटायचा. मांड्या पार सुकलेल्या. पण म्हणून डबाच हवा का? तूही ज्या संस्थेचं ऐकतेस, त्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेच मे 2024मधल्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका म्हणून बजावलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळजवळ 70 टक्के डब्यांवर प्रथिनाचा आकडा चुकीचा होता. काहींत बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, सापडलं. असली वस्तू मी आजाऱ्याच्या पोटात घालू?

भाची : डोळे झाकून घालू नकोसच. तुझी भीती रास्त आहे. पण त्या सूचना धडधाकट लोकांसाठी आहेत, दंड फुगवायला पावडर खाणाऱ्यांसाठी. ऑपरेशन झालेल्या, भूक मेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न निराळा. आणि सगळे डबे एका माळेचे मणी नाहीत. आजाऱ्यांसाठीच्या पोषक पावडरींवर वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी असं छापलेलं असतं. आपल्या नेहमीच्या चॉकलेटी हेल्थ ड्रिंकमध्ये प्रथिन थोडं आणि साखर फार. जिमच्या व्हेमध्ये प्रथिन भरपूर, बाकी फारसं काही नाही. डबा हातात आला की मागची बाजू वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलंच नाव साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असलं, तर तू मुख्यतः पिष्ट विकत घेतलंयस हे समजून जा. मधुमेह असलेल्याला तर ते सरळ त्रासाचं, कारण साखर चढली की जखम चिघळते.

आत्या : मला पुराव्याचं सांग. खुब्याच्या ऑपरेशननंतर अशा पावडरींनी माणसं खरंच लवकर उठतात का?

भाची : खरं सांगायचं तर पुरावा फार भक्कम नाही. या विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून केलेल्या आढाव्यात एवढंच दिसतं की पूरक पोषणाने गुंतागुंत काहीशी कमी होत असावी. मृत्यू कमी होतात असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून डबा आणला की माणूस उठला, असं मी कुणालाही सांगत नाही. मात्र स्वित्झर्लंडमधल्या 8 रुग्णालयांतला, 2019 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, दोन हजारांहून जास्त रुग्णांचा. ते औषधोपचारांच्या वॉर्डातले होते, ऑपरेशनचे नव्हते. तिथे प्रत्येक रुग्णाची रोजची गरज मोजली, तो किती खातो ते पाहिलं आणि कमी पडेल ते आधी जेवणातून, मग पूरक आहारातून भरून काढलं. त्या गटात 30 दिवसांतले मृत्यू कमी झाले. म्हणजे फरक पडला तो मोजण्याने आणि मागे लागण्याने. पावडर हे त्यातलं एक साधन.

आत्या : मोजायचंच तर मग स्वयंपाकघरातून भरून काढू. आणि तुझ्या डब्याआधी या गावात एक मोठं ऑपरेशन होऊन गेलंय, ते तुला ठाऊक असेलच. आपल्या या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते. जानेवारी 1924मध्ये पोटात दुखायला लागलं, ससून रुग्णालयात नेलं. 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. ती खोली ससूनने आजवर जपून ठेवली आहे. आम्ही विद्यार्थिनी असताना ती बघायला गेलो होतो. त्या माणसाच्या उशाशी कुठला डबा होता? शेळीचं दूध आणि फळं.

भाची : ते ऑपरेशन मलाही ठाऊक आहे. जखमेत गळू झालं, बरं व्हायला वेळ लागला, 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं आणि मग ते हवापालटाला जुहूला गेले. पण आत्या, शेळीचं दूध त्यांच्या आहारात मुळात आलं कसं?

आत्या : गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत होतं त्यांचं.

भाची : व्रत दूधच न घेण्याचं होतं. 1918मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या धावपळीत त्यांना आमांश झाला, अगदी मरणाच्या दारात गेले. वैद्य-डॉक्टर मांसाचा रस्सा सुचवत होते, कुणी अंडी. त्यांचं सगळ्यांना एकच उत्तर, नाही. पुढे मुंबईत मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी डॉ. दलाल आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय तुमचं शरीर मला पुन्हा उभं करता येणार नाही. गांधीजी व्रतावर अडून बसले. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली : व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत कशी? डॉक्टरही म्हणाले, तेवढ्याने माझं काम होईल. गांधीजींना तो तोडगा आतून खटकत राहिला, आत्मकथेत त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय. पण माझ्या धंद्यातला धडा मला त्याच प्रसंगात दिसतो. ते दूध ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरने सांगितलेलं पूरक अन्नच होतं. रोजच्या जेवणातून शरीर भरून निघत नव्हतं, म्हणून बाहेरून काहीतरी घालावं लागलं. आणि कस्तुरबांनी ते रुग्णाच्या अटीत बसेल असं शोधलं. आपल्यालाही काकांच्या बाबतीत नेमकं तेच करायचंय.

आत्या : यांच्या अटी तर विचारूच नकोस. दही नको, आंबट नको, तूरडाळ नको, म्हणे पू होतो. शेजारच्या वहिनी येऊन सांगून गेल्या आणि यांनी ते मनावर घेतलं. मी इतकी वर्षं ड्रेसिंगं केली, पू जंतूंनी होतो, वरणाने नाही, हे जीव तोडून सांगितलं. पण नवऱ्याला बायकोचं खरं वाटेल तर ना!

भाची : या पथ्याने आपल्याकडे फार नुकसान केलंय. आजाऱ्याला हलकं द्यायचं म्हणून साबुदाणा, रव्याची पेज, चहा-टोस्ट. आणि बांधायला ज्याची गरज ती डाळ, दही, अंडी नेमकी बंद. उलट आंबट फळं हवीतच. पेरू, आवळा, मोसंबी, लिंबू यांतल्या क जीवनसत्त्वाशिवाय जखमेतलं कोलॅजन नीट बनत नाही. पायाचं सूप चवीला, पाण्याला चांगलं, पण नुसत्या पाणचट सुपात प्रथिन थोडं आणि तेही अपुऱ्या दर्जाचं. पनीर करताना उरलेल्या पाण्यात कणीक मळली की खूप प्रोटीन गेलं, हाही गैरसमज. त्या पाण्यात 100 मिलीला जेमतेम 1 ग्रॅम असतं.

आत्या : आणि रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन? डिस्चार्जच्या कागदावर यांचं अल्ब्युमिन कमी लिहिलंय. मुलगा त्यावरूनच घाबरला आणि डबा घेऊन आला.

भाची : ऑपरेशननंतर अंगात दाह असतो, त्यानेच अल्ब्युमिन खाली येतं. आकडा कमी आला म्हणजे निव्वळ उपासमार झाली असं नाही, आणि दोन चमचे पावडरीने तो चार दिवसांत चढतही नाही. आकड्यामागे धावण्यापेक्षा वजन, भूक, मांडीचा घेर आणि उभं राहण्याची ताकद बघ. बरं, फाइल काढ. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन किती आहे?

आत्या : ते मी आधीच पाहिलं. 1.0. साखर नाही, लिव्हरचा त्रास नाही.

भाची : मग प्रथिन वाढवायला हरकत नाही, तरी सर्जनना एकदा विचारून घेऊ. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला हाच सल्ला मी दिला नसता. तिथे डायलिसिस नसेल तर प्रथिन उलट आवरतं घ्यावं लागतं. आतड्याचं ऑपरेशन असतं तर सुरुवातीचे दिवस काय द्यायचं हे सर्जननेच ठरवलं असतं. एकाचा डबा दुसऱ्याला चालतोच असं नाही, ते याचसाठी.

आत्या : आता माझं ऐक. उद्यापासूनचं मी सांगते, तू ग्रॅम लाव. सकाळी दोन उकडलेली अंडी. सोमवार आणि चतुर्थी सोडून हे खातात.

भाची : 12.

आत्या : त्याबरोबर दूध, पण त्यात मी साय काढलेल्या दुधाची पावडर दोन चमचे ढवळणार. वॉर्डात आम्ही हीच युक्ती करायचो. पेला तेवढाच, कस जास्त.

भाची : मोठा पेला धर, दूध 8 आणि पावडर 5, झाले 13. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पूरक अन्न आहे, आत्या. डब्याच्या आधी घराघरात हे पोचायला हवं.

आत्या : दुपारी दाट वरण, 40 ग्रॅम डाळीचं, दोन पोळ्या, वाटीभर दही.

भाची : 9, 6 आणि 5. म्हणजे 20.

आत्या : चारला साबुदाणा बंद. 50 ग्रॅम मुगाची दोन धिरडी, लिंबू पिळून.

भाची : 12.

आत्या : रात्री मऊ भातावर मेतकूट-तूप, जोडीला 50 ग्रॅम पनीर परतून. आणि मधेमधे मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा लाडू, दात नाहीत म्हणून कूट करून.

भाची : भात-मेतकूट 5, पनीर 9, शेंगदाणे 7. एकूण 78. बघ, 72च्या वर गेलो, डबा न फोडता! बुधवारी-रविवारी मासे किंवा चिकन 100 ग्रॅम दिलंस तर आणखी 20 ते 25. शिवाय ते दिवसभरात वाटलंय, ते महत्त्वाचं. वय झालेल्या स्नायूंना प्रत्येक जेवणात चांगला डोस मिळाला तरच ते नीट जागे होतात. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबून तेवढा उपयोग नाही.

आत्या : मग झालं तर! डबा परत.

भाची : कागदावर 78 झाले. काका खातील किती?

आत्या : ...पहिले काही दिवस निम्मं. वेदनेच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय, पोट साफ होत नाही, दोन घास घेतले की पुरे म्हणतात.

भाची : डब्याचं काम इथे, आणि एवढंच. घासाने जे जात नाही ते घोटाने जातं. 30 ग्रॅमच्या मापात चांगल्या व्हेचे 20 ते 24 ग्रॅम असतात; ते दुधात किंवा ताकात ढवळून दोन जेवणांच्या मधे अर्धं-अर्धं द्यायचं. जेवणाआधी नाही, नाहीतर राहिलेली भूकही मरेल. जेवणाऐवजी तर कधीच नाही, कारण त्यात शेंगदाण्याचे उष्मांक नाहीत, मुगाचा चोथा नाही, लिंबाचं जीवनसत्त्व नाही. उष्मांक कमी पडले तर शरीर ते महागाचं प्रथिन सरपणासारखं जाळून टाकतं.

आत्या : म्हणजे आधी तीन दिवस मी वहीत लिहून काढते, ताटात किती वाढलं आणि किती उरलं. वॉर्डात इनपुट-आउटपुट चार्ट ठेवायचे तसा. बेरीज 60च्या खाली राहिली तर तुझी अर्धी-अर्धी मात्रा सुरू. चालेल?

भाची : चालेल. आणि बद्धकोष्ठ आधी सोडव; पाणी, फळं, सर्जनना विचारून औषध. पोट साफ झालं की भूक अर्धी परत येते.

आत्या : माझी पण एक अट आहे. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं उभं राहणं आणि चालणं चुकलं, तर त्या दिवशी पावडर देणार नाही मी. उगाच बिछान्यात पाजून काय उपयोग?

भाची : पावडर दे, पण चालवच. तुझ्या अटीतलं तत्त्व मात्र शंभर टक्के खरं. स्नायूवर भार पडला नाही तर आलेलं प्रथिन तिथे टिकत नाही. वॉकर आणि ताट ही एकाच उपचाराची दोन अंगं.

आत्या : डबा बंद कधी करायचा? एकदा आला की लोक वर्षानुवर्षं घेत बसतात.

भाची : सलग आठवडाभर जेवणातूनच 75च्या आसपास बेरीज आली, वजन घसरायचं थांबलं, की बंद. डब्यासाठी तारीख नको, वही हवी.

आत्या : एक सांगू? ठरवून केलेलं ऑपरेशन असतं तर हे सगळं महिनाभर आधीच करायला हवं होतं. माणसं ऑपरेशनच्या भीतीनेच खाणं सोडतात, वर नवस-उपास करतात.

भाची : 1936 साली क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनने हेच दाखवलं. अल्सरच्या ऑपरेशनआधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले सुमारे 33 टक्के दगावले. बाकीच्यांतले फक्त 3.5 टक्के. गुडघा बदलायची तारीख मिळालेल्या प्रत्येकाने त्या दिवसापासून ताट मोजायला लागावं. आणि उपाशीपोटी किती तास राहायचं ते भूलतज्ज्ञाला विचारावं. कित्येक ठिकाणी घन अन्नाला 6 तास आणि नुसत्या पाण्याला 2 तास एवढंच बंधन असतं, आणि आपली माणसं आदल्या संध्याकाळपासून कोरडी बसतात.

आत्या : इतक्या वर्षांत मी हजारोंनी डिस्चार्ज कार्डं रुग्णांच्या हातात दिली असतील. त्यावर गोळ्यांची नावं असायची, ड्रेसिंगची तारीख असायची आणि शेवटी दोन शब्द, आहार हलका. त्या दोन शब्दांनी किती जण साबुदाण्यावर ढकलले गेले, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. त्या जागी एक ओळ यायला पाहिजे : रोज इतके ग्रॅम प्रथिन, मूत्रपिंडाची स्थिती अशी, पावडर हवी की नको. सर्जनने ती लिहावी. नाही लिहिली तर नातेवाइकांनी काउंटरवरून हलायच्या आधी विचारावी.

भाची : आणि मग दुकानाकडे न वळता आधी घरी यावं.